पट्टे उमटवणारी लोकर

जर्मनीतील एखाद्या गावच्या लोकरीच्या दुकानात जाऊन, पायमोज्यांसाठी म्हणून वेगळ्या मांडून ठेवलेल्या लोकरीचा शंभर ग्रॅमचा एक गुंडा हाती घेतला, तर त्यावर निळा, हिरवा, केशरी, जांभळा, करडा असे पाच-सहा रंग एकमेकांत मिसळून गेलेले दिसतात, आणि या गोंधळातून पुढे काय निष्पन्न होणार याचा अंदाज अनभ्यस्त माणसास मुळीच बांधता येत नाही. तोच गुंडा घेऊन चौसष्ट टाके घालावेत, ते चार सुयांवर वाटून पाचव्या सुईने गोल विणत राहावे, म्हणजे पहिल्या काही फेऱ्या निळ्या होतात. मग धागा न तोडता, गाठ न मारता, दुसरा गुंडा न जोडता त्याच धाग्यातून हिरवा रंग सुरू होतो, आणि पाच-सहा फेऱ्यांनंतर तोही आपली जागा केशरी रंगास देऊन निघून जातो. याप्रमाणे पोटरीपासून घोट्यापर्यंत सारख्या रुंदीचे पट्टे एकाखाली एक उमटत जातात. विणणाऱ्या व्यक्तीने रंगांच्या बाबतीत स्वतः होऊन काहीही केलेले नसते. तिने केवळ सुलट टाके विणलेले असतात.

विणकामात मुरलेल्या पुष्कळ स्त्रिया या लोकरीकडे काहीशा नापसंतीने पाहतात. रंग कोठे बदलावा, किती फेऱ्यांनी बदलावा, सोडलेला धागा मागून कसा आणावा, हे सारे कसब वर्षानुवर्षे खपून त्यांनी कमावलेले असते, आणि एखाद्या कारखान्याने ते सर्व धाग्यातच भरून द्यावे व कालच्या नवशिक्या मुलीने तसाच पट्टेदार मोजा विणून दाखवावा, हे त्यांच्या न्यायबुद्धीस रुचत नाही. त्यांच्या भावनेचा आदर ठेवूनही मला त्यांचे म्हणणे मान्य करता येत नाही. रंगारी या धाग्यात जो हिशेब मांडून ठेवतो तो मुद्दाम अपुरा ठेवलेला असतो. त्यातील एक रक्कम विणणाऱ्याच्या हाताने आणि दुसरी घालणाऱ्याच्या पायाने भरावयाची असते, आणि त्या दोन्ही भरल्यावाचून पट्टा सिद्धच होत नाही. या लोकरीचे सर्व मर्म माझ्या मते या अपुरेपणात आहे.

पट्टेदार पायमोज्याची हौस माणसास फार जुनी आहे. लंडनच्या ब्रिटिश म्यूझियममध्ये एका लहान मुलाच्या डाव्या पायाचा लोकरी मोजा जपून ठेवलेला आहे. तो मिसर देशातील अँटिनोपोलिस या रोमन अमदानीतील नगराच्या उकिरड्यात 1913-14 सालच्या उत्खननात सापडला, आणि त्याचा काळ इसवी सनाचे तिसरे-चौथे शतक असा धरतात. चपलेचा अंगठा अडकवता यावा म्हणून त्यात पायाच्या अंगठ्यासाठी वेगळे घर केलेले आहे, आणि वरपासून खालपर्यंत त्यावर रंगीत पट्टे आहेत. 2018 साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात, मोज्याचा एक तंतूही न तोडता, निरनिराळ्या प्रकाशलहरींत त्याची छायाचित्रे घेऊन त्यातील रंगांचा शोध लावण्यात आला, तेव्हा असे आढळले की त्या मोज्यावरचे सहा-सात रंग केवळ तीन वनस्पतींपासून केलेले आहेत: आपल्या मंजिष्ठेच्या कुळातील एका मुळीपासून तांबडा, निळीचेच द्रव्य ज्यातून निघते त्या वोड नावाच्या झुडपापासून निळा, आणि वेल्ड नावाच्या रोपापासून पिवळा. बाकीचे रंग या तिहींच्या मिश्रणाने साधलेले होते. ज्याने हा मोजा केला त्याच्यापाशी आजच्यासारख्या जोडसुया नव्हत्या. एकाच मोठ्या सुईने धाग्याचे तुकडे फासात फास अडकवून ओवत जाण्याची ती पद्धत होती, आणि दर पट्ट्यास नवा धागा घेऊन जुन्याशी सांधावा लागत असे. एका अनामिक बालकाच्या पावलासाठी कोणी तरी एवढे सायास केले आणि ते करताना रंगांची चैनही सोडली नाही, ही गोष्ट मला त्या काळच्या पुष्कळशा शिलालेखांहून अधिक बोलकी वाटते.

आज ज्या लोकरीविषयी आपण बोलत आहोत तिची घडण मात्र अगदी अर्वाचीन आहे. तीन भाग मेंढीची लोकर आणि एक भाग नायलॉन, चार पदर एकत्र पिळलेला धागा, आणि शंभर ग्रॅम वजनास सुमारे सव्वाचारशे मीटर लांबी, हा या धंद्यातील जवळजवळ मुक्रर झालेला शिरस्ता होय. लोकर पायास ऊब देते आणि आपल्या वजनाच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्शाइतकी आर्द्रता शोषून घेऊनही हातास ओली लागत नाही, म्हणून पायमोज्यासाठी तिच्यासारखे द्रव्य नाही. परंतु टाचेखाली आणि चवड्याखाली ती लवकर झिजते. पूर्वी यावर उपाय म्हणून टाच विणताना लोकरीबरोबर एक बारीक बळकट दोरा जोडून घेत. 1935 साली अमेरिकेतील वॉलेस कॅरदर्स या रसायनज्ञाने नायलॉन सिद्ध केल्यावर पुढे ते सूत लोकरीतच मिसळता येऊ लागले आणि वेगळ्या दोऱ्याची गरज उरली नाही. दुसरी अडचण धुण्याची. लोकरीच्या तंतूवर सूक्ष्म खवले असतात. उष्णता, पाणी आणि घुसळण या तिहींचा योग झाला म्हणजे ते एकमेकांत गुंततात, कापड आटते आणि घट्ट जमून जाते, आणि मग मोठ्या माणसाचा मोजा बाळाच्या पायासही पुरत नाही. क्लोरीनच्या संस्काराने हे खवले बोथट करून त्यांवर एका कृत्रिम राळेचा अतिशय पातळ लेप देण्याची रीत निघाली, तेव्हापासून लोकरीचे मोजे धुण्याच्या यंत्रात घालणे निर्धोक झाले. हा संस्कार पर्यावरणाच्या दृष्टीने निर्दोष नाही, आणि त्यावाचून केलेल्या लोकरीकडे आता काही मंडळी पुन्हा वळू लागली आहेत. पण रोजच्या वापरातल्या पायमोज्यांपुरती तरी याच लोकरीची चलती आहे.

रंगीत लोकर पूर्वीही होती, परंतु तिच्यात रंगांचे टप्पे फार आखूड असत, आणि विणल्यावर त्यांचे ठिपके व डाग दिसत, पट्टे दिसत नसत. टप्पे लांब करून, आणि त्यांची लांबी पायाच्या घेराशी मिळवून, धागा रंगवण्याचे तंत्र विसाव्या शतकाच्या अखेरीस जर्मनीत लोकप्रिय झाले. रेगिया आणि ओपाल ही त्यांतील दोन नावे विणकाम करणाऱ्यांच्या जगात सर्वतोमुखी आहेत. ओपालचे घर मुंबईचे जोडशहर असलेल्या स्टुटगार्टच्या दक्षिणेस हेचिंगेन या लहानशा नगरात आहे.

आता त्या हिशेबाकडे वळू. मध्यम पावलाच्या मोज्यास अडीच मिलिमीटर जाडीच्या सुयांवर चौसष्ट टाके लागतात, आणि दहा सेंटिमीटर लांबी-रुंदीच्या चौकोनात सामान्यतः तीस टाके व बेचाळीस फेऱ्या बसतात. असा चौसष्ट टाक्यांचा एक फेरा पुरा होण्यास अदमासे पाऊण मीटर धागा खर्ची पडतो. तेव्हा सहा फेऱ्यांचा, म्हणजे दीड सेंटिमीटरहून किंचित कमी रुंदीचा, पट्टा हवा असेल तर रंगाऱ्याने तो रंग साडेचार मीटर लांबीपर्यंत द्यावयास पाहिजे. आणि पाच रंगांचे आवर्तन हवे असेल तर साडेबावीस मीटर धागा गेल्यावर पहिला रंग पुन्हा आला पाहिजे. कारखान्यात हे यंत्राने होते. पण घरी हाताने लोकर रंगवणारे कारागीरही पाश्चात्त्य देशांत पुष्कळ आहेत, आणि त्यांची रीत पाहिली म्हणजे तत्त्व चटकन ध्यानात येते. अंगणात लांब अंतरावर खुंट्या किंवा खुर्च्या मांडून ते साडेबावीस मीटर घेराची एकच प्रचंड लड गुंडाळतात; शंभर ग्रॅम लोकरीचे तिच्यावर जेमतेम एकोणीस वेढे बसतात. मग त्या लडीचे पाच समान भाग पाडून प्रत्येक भाग दोऱ्याने सैल बांधतात आणि पाच वेगवेगळ्या भांड्यांतील रंगात बुडवतात. लोकरीस रंग धरण्यासाठी आम्लाची आणि उष्णतेची गरज असते; शिरका किंवा सायट्रिक आम्ल घालून भांडे उकळीच्या किंचित खालच्या तापमानावर ठेवले, म्हणजे थोड्या वेळाने सारा रंग तंतूंत शिरतो आणि भांड्यातले पाणी स्वच्छ होते. हे स्वच्छ पाणी म्हणजे रंग पक्का बसल्याची खूण. शेवटी लड धुऊन, वाळवून, पुन्हा लहान घेराची करून गुंडाळली की तिच्यातील शिस्त दिसेनाशी होते आणि वर सांगितलेला रंगांचा गोंधळ तेवढा उरतो.

हा सगळा हिशेब पायाच्या घेरास बांधलेला आहे, आणि घेर बदलला की चित्र बदलते. त्याच साडेचार मीटरच्या टप्प्याने चाळीस टाक्यांच्या बाळमोज्यावर साडेनऊ फेऱ्यांचा रुंद पट्टा पडतो, बहात्तर टाक्यांच्या पुरुषी मोज्यावर तो सव्वापाच फेऱ्यांवर येतो, आणि कोणी हौसेने त्याच लोकरीचा दोनशे टाक्यांचा स्वेटर गोल विणावयास घेतला तर दोन फेरेही पुरे होत नाहीत तोच रंग पालटतो आणि पट्ट्यांच्या जागी बारीक रेघांची गर्दी होते. दुकानात गुंड्यावरच्या कागदी पट्टीवर जे मोज्याचे चित्र छापलेले असते ते एका ठरावीक पावलाचे चित्र असते, ही गोष्ट पुष्कळांच्या लक्षात येत नाही, आणि मग लोकरीने फसवले असे त्यांना वाटते.

पायाइतकाच हाताचाही अंमल या पट्ट्यांवर चालतो. विणणाऱ्यांमध्ये कोणाचा हात घट्ट असतो, कोणाचा सैल. धागा बोटावरून किती ओढून घ्यावयाचा ही सवय बालपणी जी लागते ती सहसा सुटत नाही. एका फेऱ्यास सत्तर सेंटिमीटर धागा घेणाऱ्या घट्ट हातास साडेचार मीटरांत जवळजवळ साडेसहा फेऱ्या मिळतात, ऐंशी सेंटिमीटर घेणाऱ्या सैल हातास साडेपाचांच्या थोड्याच वर. दोन मैत्रिणींनी एकाच रंगमेळाचे गुंडे घेऊन सारख्याच टाक्यांचे मोजे विणले, तरी त्यांचे पट्टे एकमेकांशी जुळत नाहीत. मनुष्य दमला असेल, चिंतेत असेल, किंवा एखाद्या गोष्टीत रमला असेल, तर त्याचाही परिणाम हाताच्या ताणावर होतो. आणि एकरंगी मोज्यात जो फरक कोणास दिसला नसता तो येथे पट्ट्याच्या रुंदीत उतरतो. सर्व हातांसाठी एकाच मापाने रंगवलेला धागा प्रत्येक हाताचे दप्तर स्वतंत्र ठेवतो, असे म्हटले तरी चालेल. कसब हिरावून घेतल्याची तक्रार करणाऱ्यांनी या गोष्टीचा विचार अवश्य करावा.

गोल विणकामाचे आणखी एक वैशिष्ट्य या लोकरीत फार सुंदर रीतीने उपयोगी पडते. पायमोजा ही वास्तविक एकावर एक ठेवलेल्या वलयांची रास नसून, जिन्यासारखी वर चढत जाणारी एकच अखंड सर्पिल रेषा असते. त्यामुळे दोन वेगवेगळे गुंडे घेऊन हाताने पट्टे घातले, तर प्रत्येक पट्ट्याच्या आरंभी एका फेरीइतकी पायरी राहते, आणि सर्व पट्टे एकाच जागी सुरू होत असल्याने त्या पायऱ्यांची एक उभी ओळ मोज्याच्या मागच्या बाजूस उठून दिसते. पट्ट्यांच्या लोकरीत रंग फेऱ्यातील कोणत्याही टाक्यापाशी पालटतो. एक पट्टा घोट्यापाशी सुरू झाला तर दुसरा पुढे नडगीवर, तिसरा आणखी बाजूस. पायरी प्रत्येक ठिकाणी असते, परंतु ती मोज्याभोवती विखुरली गेल्यामुळे डोळ्यांस जाणवत नाही.

येथवर सर्व सुरळीत चालते. खरी परीक्षा टाचेशी आहे, आणि पायमोज्याच्या विद्येत जे काही गहन आहे ते सारे येथे एकवटले आहे. नळीसारखे सरळ चाललेले विणकाम घोट्यापाशी आले की काटकोनात वळवावे लागते. त्यासाठी जुन्या पद्धतीत पायाच्या वरच्या बाजूचे बत्तीस टाके तसेच सुयांवर विश्रांतीस ठेवून, मागच्या बत्तीस टाक्यांवर पुढे-मागे विणत टाचेची चौकोनी पट्टी करतात. मग तिच्या तळाशी मध्यभागी दोन दोन टाके एकत्र विणत लहानशी वाटी वळवतात. आणि शेवटी पट्टीच्या दोन्ही कडांवरून नवे टाके उचलून पुन्हा सर्वांचा गोल फेरा सुरू करतात. आता पट्ट्यांचे काय होते ते पाहा. टाचेच्या पट्टीत एका ओळीत निम्मेच टाके असल्याने प्रत्येक रंग दुप्पट ओळी पुरतो, आणि पट्टे एकाएकी दुपटीने रुंद होतात. कडांवरून टाके उचलल्यावर फेऱ्यातील टाके चौसष्टांहून वाढतात, म्हणून लगेच पुढचे पट्टे अरुंद होतात. तिसरी आपत्ती याहून अवघड: पायाच्या वरच्या बाजूचे काम समजा निळ्या रंगाशी थांबले होते; टाच विणून परत येईपर्यंत धाग्यातील हिरवा, केशरी, जांभळा हे सर्व टाचेत खपलेले असतात आणि पुढे करडा लागतो, म्हणजे पावलाच्या नेमक्या दर्शनी भागावर रंगांची परंपरा तुटते.

यावर विणणाऱ्यांनी जे उपाय योजले आहेत त्यांतून या कलेतील स्वतंत्र बुद्धीची साक्ष पटते. काही जणी टाचेपुरती एखाद्या रंगाची साधी लोकर निराळी जोडतात, आणि टाच संपली की पट्ट्यांचा धागा जेथे सोडला तेथूनच उचलतात. टाचा आणि चवडे दोन्ही त्याच एका रंगात केले म्हणजे मोज्यास एक प्रकारची शालीनता येते. काही जणी त्याच गुंड्याच्या आतल्या टोकाचा धागा ओढून टाच विणतात. सर्वांत धाडसी उपाय म्हणजे टाच मागाहून बसवण्याचा. जन्माने इंग्रज पण अमेरिकेत स्थायिक झालेल्या एलिझाबेथ झिमरमन या विख्यात विणकाम-लेखिकेने जिचा पुरस्कार केला त्या या पद्धतीत टाचेचा विचार प्रथम बाजूलाच ठेवतात. टाच जेथे यावयाची तेथे अर्धा फेरा एका वेगळ्या रंगाच्या फुकट धाग्याने विणून ठेवतात, त्याच टाक्यांवरून पुन्हा खऱ्या धाग्याने विणत सरळ पुढे चवड्यापर्यंत जातात, आणि सर्व नळी पुरी झाल्यावर तो फुकट धागा हलकेच उपसून, मोकळे झालेले दोन्ही बाजूंचे टाके सुयांवर घेऊन टाच गोल विणून बंद करतात. नळीवरील पट्टे या रीतीने कोठेही खंडित होत नाहीत, आणि टाचेवर रंगांची एकात एक बसलेली वलये तयार होतात. सुयांवरचे चांगले जमलेले विणकाम मध्येच मोकळे करण्यास जे धैर्य लागते ते प्रथम प्रत्येकीस अवघड वाटते; परंतु एकदा ती टाच अंगवळणी पडली की पट्ट्यांच्या लोकरीसाठी दुसरी टाच नको असे म्हणणाऱ्या विणकरणी मी पुष्कळ पाहिल्या आहेत, आणि माझाही कल त्यांच्याच बाजूस आहे. तिचा दोष एवढाच की ती उंच पावलास किंचित आखडते. तशा पायासाठी जुनी पट्टीची टाचच बरी.

चवड्याशी टाके दोन्ही बाजूंनी कमी करत आणून उरलेले थोडे टाके समोरासमोर ठेवून शिवणीच्या सुईने असे सांधतात की सांधा दिसूही नये आणि हातासही लागू नये. या टाक्यास ब्रिटिश सेनापती लॉर्ड किचनर याचे नाव चिकटलेले आहे; हाच सेनापती 1902 ते 1909 या काळात हिंदुस्थानचा सरसेनापती होता. पहिल्या महायुद्धात ब्रिटनमधील असंख्य स्त्रिया खंदकांतील शिपायांसाठी मोजे विणत होत्या, आणि चवड्यावरची जाड शिवण बुटात घासून ओल्या पायांस जखमा करते ही तेव्हा जिवावरची गोष्ट होती.

एक मोजा झाला की दुसऱ्याचा प्रश्न उभा राहतो, आणि या लोकरीचे भक्त येथे दोन पक्षांत विभागलेले आहेत. पहिल्या पक्षास दोन्ही मोजे आरशातील प्रतिबिंबासारखे हवेत. त्यासाठी ते पहिल्या मोज्याचा आरंभ कोणत्या रंगाच्या कोणत्या टोकास झाला याची नोंद ठेवतात, आणि दुसऱ्या मोज्याच्या वेळी तेच टोक सापडेपर्यंत काही मीटर धागा उलगडून बाजूस ठेवतात. नॉर्वेत राहणारे आर्ने आणि कार्लोस हे दोन विणकाम-कलावंत रेगियासाठी रंगमेळ रचतात; त्यांच्या नावाची एक लोकर तर अशी आहे की तिच्यात प्रत्येक मोज्याच्या आरंभी वेगळ्या रंगाचा खुणेचा धागा घातलेला असतो, तो उलगडून टाकावा आणि पुढून विणावयास लागावे, म्हणजे दोन्ही मोजे आपोआप जुळे निघतात. दुसरा पक्ष गुंडा जेथे असेल तेथून दुसरा मोजा सुरू करतो आणि जे निघेल त्यात आनंद मानतो. या पक्षास एक मोठा आधार आहे. ऑस्ट्रियाचा चित्रकार फ्रीडेन्सराइख हुंडर्टवासर (1928-2000) हा सरळ रेषेचा हाडवैरी होता, व्हिएन्नातील त्याच्या नावाच्या रंगीबेरंगी इमारतीत जमीनसुद्धा त्याने सपाट ठेवली नाही. तो बुद्ध्याच दोन पायांत दोन वेगळे मोजे घालत असे, आणि कोणी त्याविषयी विचारले तर तुम्ही दोन सारखे का घालता, असा उलट प्रश्न करत असे. ओपालने त्याच्या चित्रांतील रंगांवरून पायमोज्यांच्या लोकरीची एक मालिकाच काढली, आणि तीतील प्रत्येक रंगमेळास त्याच्या एकेका चित्राचे नाव दिले. चित्रकाराच्या स्मरणार्थ पुतळे उभारतात, रस्त्यांना नावे देतात. परंतु त्याचे रंग हजारो अनोळखी पावलांवर उतरावेत, हे स्मारक मला विशेष समुचित वाटते. एवढे मात्र कबूल केले पाहिजे की मला स्वतःला जुळे मोजेच आवडतात, आणि त्यासाठी पाच-सात मीटर धागा बाजूस पडला तर त्याची मला खंत वाटत नाही.

जर्मन पायमोज्याचा एक जुना धागा आपल्या देशापर्यंतही आलेला आहे. 1856 साली मोरेव्हियन पंथाच्या जर्मन मिशनऱ्यांनी लाहौलच्या खोऱ्यात केलांग येथे आपले ठाणे उभारले, आणि पुढे तेथे आलेल्या मारिया हायडे या मिशनरी बाईंनी स्थानिक स्त्रियांस सुयांवर मोजे विणावयास शिकवले. लाहौली स्त्रियांनी ते शिक्षण नुसते गिरवले नाही; अनेक रंगांचे धागे एकाच वेळी हाताळून भूमितीच्या आकृत्या घडवणारी आपली स्वतंत्र शैली त्यांनी निर्माण केली, आणि आज लाहौलच्या विणलेल्या मोज्यांस व हातमोज्यांस भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. मनालीकडे जाणारे महाराष्ट्रातील प्रवासी बाजारातून जे रंगीबेरंगी लोकरी मोजे आणतात, त्यांतील अस्सल लाहौली मोज्यामागे हा इतिहास आहे. त्यांचा रंग पूर्णपणे विणणाऱ्या हाताच्या स्वाधीन असतो, आणि पट्ट्यांच्या लोकरीशेजारी ठेवून पाहिले तर एकाच कलेची दोन टोके आपणास दिसतात. त्यांत श्रेष्ठ-कनिष्ठ ठरवण्याच्या भरीस मी पडणार नाही. इतकेच म्हणेन की लाहौली मोजा विणताना लक्ष नक्षीवर असते, आणि पट्ट्यांचा मोजा विणताना ते टाचेच्या वळणावर, चवड्याच्या उतारावर, म्हणजे साक्षात पावलावर राहू शकते.

महाराष्ट्रात लोकर म्हणजे धनगराची घोंगडी, आणि दख्खनी मेंढीची ती जाडीभरडी लोकर विणून पायात घालण्याजोगी नसते. सुयांवरचे विणकाम आपल्या घरांत रुजले ते मुख्यतः बाळंतविड्याच्या निमित्ताने. टोपडे, झबले, आणि नाडीने घोट्याशी बांधावयाचे दोन सुयांवरचे इवले मोजे न विणलेली आजी मागच्या पिढीतील मध्यमवर्गात विरळाच. आपल्या बाजारात लोकर म्हणून जे मिळते ते बहुधा अ‍ॅक्रिलिक असते, आणि पट्ट्यांची खरी लोकर घ्यावयाची तर ती परदेशाहून येणाऱ्या आप्तांकरवी मागवावी लागते, किंवा चढ्या किमतीस विकत घ्यावी लागते. पुष्कळ मराठी कुटुंबांची मुले आता जर्मनीत राहतात. त्यांनी पिशवीत चार गुंडे टाकून आणणे फारसे अवघड नाही, आणि ज्यांना दोन सुयांवरचे सुलट-उलट येते त्यांनी पाच सुयांना भिण्याचेही कारण नाही, कारण एका वेळी काम दोनच सुयांवर चाललेले असते, बाकीच्या तीन केवळ आपापले टाके सांभाळून असतात.

शंभर ग्रॅमच्या गुंड्यातून मध्यम पावलाचा एक जोड विणून झाला म्हणजे वीस-पंचवीस ग्रॅम लोकर शिल्लक उरते. तीतील प्रत्येक रंगाचा एकेक हातभर तुकडा कागदात गुंडाळून नाव घालून ठेवावा, कारण नायलॉन असले तरी टाच कधी ना कधी विरतेच, आणि विरलेल्या जागी त्याच रंगाने रफू करता आले तर मोजा आणखी काही हिवाळे सहज काढतो. ज्या जागी रफू करावयाचे ती विरण्याच्या आधीच, कापड पातळ दिसू लागताच, धरावी. उरलेल्या लोकरीत चाळीस टाक्यांचे बाळमोजे आरामात होतात.